कॅसेटवरून आलेली भजनं सुटी करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमची पोस्ट वाचली. वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी सोलापुरातल्याच एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून घेतल्या, एकेका बाजूची अर्ध्या तासाची एकच एमपी३ फाइल हातात आली, आता अभंग सुटे करायचेत आणि खरखर काढायचीय. तर ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर पुरेल की पैसे भरून काही घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या कॅसेटींचंही नेमकं हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी साउंड इंजिनीअर नाही. डाउनलोड-इन्स्टॉल सोडून देतो, ते तुम्हाला जमेल.

पैसे भरू नका. घरच्या कामाला फुकटातलं पुरून उरतं. पण आधी एक ठरवा: नुसतं कापायचंय की आवाजही सुधारायचाय?

नुसतं कापायचं असेल तर विंडोजवर एमपी३डायरेक्टकट घ्या. दिसायला जुनाट, पण ते फाइल उलगडून पुन्हा दाबत नाही (दाबणं म्हणजे आकार लहान करायला आवाजातला बारकावा गाळणं), आहे तशीच तुकड्यांत कापतं. सीडीच्या दर्जाच्या एमपी३ची एक फ्रेम, म्हणजे फाइल ज्या छोट्या तुकड्यांची बनते त्यातला एक, साधारण २६ मिलिसेकंदांची असते आणि काप फ्रेमच्या सीमेवरच बसतो. दोन अभंगांमधल्या शांततेत कापताना हा फरक कानाला कळतसुद्धा नाही. आवाज कमीजास्त करणं, शेवटी हळूहळू विरवणं, हेही ते न दाबता करतं.

ऑडॅसिटी किंवा तसंच दुसरं फुकट सॉफ्टवेअर ओसेनऑडिओ (ocenaudio), यांत एमपी३ उघडली की ती पूर्ण उलगडते, आणि परत एमपी३ केली की नव्याने दाबली जाते. बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. आज कापलं आणि सेव्ह केलं, उद्या आवाज वाढवून सेव्ह केलं, परवा शेवट विरवून सेव्ह केलं, म्हणजे तीनदा दाबलं. ओसेनऑडिओत कंट्रोल-एस मारलं की मूळ फाइलवरच लिहिलं जातं, मागे काही उरत नाही. आधी बिघडतात ते टाळ आणि चिपळ्या, त्यांची किणकिण पाण्यातून आल्यासारखी ऐकू येते. म्हणून मूळ फाइली आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून 'रीड ओन्ली' करा. ऑडॅसिटीत सगळं काम प्रोजेक्टमध्येच करा आणि एमपी३ अगदी शेवटी, एकदाच एक्सपोर्ट करा. 'सेव्ह प्रोजेक्ट' केल्याने गाण्याची फाइल तयार होत नाही, हे लक्षात असू द्या.

आता दुकानाबद्दल. नाव घेत नाही, पण अशा ठिकाणी वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला पूर्ण आवाज, मागितली की "एमपी३ म्हणजे तेच" असं सांगून बोळवण करतात. ते तेच नव्हे. अर्ध्या तासाची स्टिरिओ वेव्ह सुमारे ३०० एमबी होते आणि १२८ केबीपीएसची (हा आकडा जितका कमी तितकी फाइल जास्त दाबलेली) एमपी३ जेमतेम २९ एमबी. जागा वाचवायला दुकानदार वेव्ह पुसून टाकतो आणि आपल्याला चोथा मिळतो. तो कितीही पिळला तरी रस येत नाही. तुमची फाइल तपासून बघा: ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा, म्हणजे खालचे सूर खाली आणि उंच सूर वर असं आवाजाचं चित्र दिसतं. कॅसेटची खरखर वरपर्यंत पसरलेली असते. ती १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेषेत छाटलेली दिसली, तर फाइल कमी दर्जात दाबलेली आहे, नावात ३२० लिहिलेलं असलं तरी. मग आज-उद्याच दुकानात जाऊन वेव्ह शिल्लक आहे का विचारा. नसेल आणि कॅसेटी धड असतील तर माझं स्पष्ट मत, कॅसेट डेक मिळवून संगणकात पुन्हा भरा. तार संगणकाच्या निळ्या लाइन-इनमध्ये लावा, गुलाबी माइकच्या भोकात नको.

खरखर काढताना हात आवरा. अभंग सुरू होण्याआधीची दोनेक सेकंदांची नुसती खरखर निवडून ऑडॅसिटीच्या 'नॉइज रिडक्शन'मध्ये नॉइज प्रोफाइल (खरखरीचा नमुना) घ्या, मग पूर्ण ट्रॅक निवडून खरखर ६ डीबीने (डेसिबलने) कमी करण्यापासून सुरुवात करा. १२च्या वर जाऊ नका. तिथेच 'रेसिड्यू' हा पर्याय आहे. तो निवडून प्रीव्ह्यू ऐका. जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात टाळ किंवा 'स', 'श'चे उच्चार ऐकू आले तर आकडा खाली आणा. थोडी खरखर राहिली तरी चालेल, टाळ गेला तर भजनात काय उरलं?

हे फक्त सलग, एकसारख्या आवाजावर चालतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या घरात रेकॉर्डिंग झालं असेल आणि पाठीमागे यंत्रमागाचा खडखडाट असेल, तर तो यातून जाणार नाही, नाद सोडा. विजेची घूं असेल तर नॉच फिल्टर (ठरावीक एकच सूर गाळणारा) ५० हर्ट्झवर, मग १००वर लावून बघा; पण पखवाजाचा धुमाराही तिथेच आसपास असतो, तेव्हा ऐकत ऐकत करा. मेनूंची जागा आवृत्तीप्रमाणे बदलते.

फाइलच्या आत अभंगाचं, गायकाचं नाव लिहायला एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर घ्या. मराठी, कन्नड, तेलुगू सगळं नीट बसतं, फक्त सेटिंगमध्ये नावं साठवायची पद्धत आयडी३ २.३ आणि अक्षरांची यूटीएफ-१६ ठेवा. देवळातल्या स्वस्त प्लेअरवर मात्र चौकोन दिसू शकतात, म्हणून फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीला दोन अंकी क्रमांक देऊन ठेवा. त्यातले बरेच प्लेअर नावाच्या नव्हे, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात. तेव्हा पेनड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करून (आतलं सगळं पुसलं जातं) फाइली एकेक करून क्रमाने टाका.