माचावरचं खुराडं आणि पिल्लांची ऊब

परसातल्या कोंबड्या : वाचकांचे प्रश्न, काकींची उत्तरं

प्रश्न : काकी, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळच्या गावातला. गोव्यातली नोकरी सोडून घरी आलोय. गिरिराज जातीच्या पंचवीस पिल्लांची मागणी नोंदवली आहे, मृगाच्या सुमारास येतील. वेळूच्या पट्ट्यांचा तळ असलेलं उंच खुराडं बांधायला घेतलंय. पिल्लं पहिल्या दिवसापासून त्यातच ठेवून वर बल्ब लावला तर चालेल ना? आणि पावसात वीज गेली तर काय करायचं?

उत्तर : दादा, खुराडं उंच बांधताय ते आपल्या भागाला अगदी योग्य आहे. पण पिल्लं त्यात लगेच ठेवू नका. पट्ट्यांच्या फटींतून वारं खेळतं म्हणून मोठ्या कोंबड्या कोरड्या आणि निरोगी राहतात. तेच वारं लव अंगावर असलेल्या पिल्लाच्या पोटाला खालून लागतं, आणि वर बल्ब तापत असूनही पिल्लू गारठतं. अंगावर पिसं नीट भरायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर त्यांची जागा घरात, जमिनीवर, तुसाच्या बिछान्यात. खुराडं तेवढ्या अवधीत सावकाश पुरं करा.

दुसरं, मागणी पुढे ढकलता येत असेल तर जरूर ढकला. जांबोटी-कणकुंबीकडे मृगानंतर महिनोन्‌महिने काही वाळत नाही. घरात आणलेलं तूससुद्धा दोन दिवसांत सादळतं. मी पिल्लं दिवाळीनंतरच आणते. तेव्हा पहाटे थंडी असते, पण हवा कोरडी असते, आणि थंडीला बल्ब पुरतो. ओलीपुढे बल्बचं काही चालत नाही.

आता जागा. पडवीचा, वारं न लागणारा कोपरा घ्या. दीड-दोन फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा गोल फिरवून चार फूट रुंदीचं कडं करा. गोलच करा, कारण घाबरली किंवा गारठली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. आत दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा. राईस मिलमध्ये मागा, पण तूस मागा, कोंडा नको. कोंडा ओल धरतो आणि पिल्लं तो खातातही. पहिले दोन दिवस तुसावर वर्तमानपत्र घाला, म्हणजे दाणा कोणता आणि तूस कोणतं ते त्यांना कळतं. चकचकीत कागद मात्र नको, त्यावर पाय फाकतात.

बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा हवा. एलईडीचा नुसता उजेड पडतो, ऊब येत नाही. हिशेब पिल्लामागे दोन वॅटचा. पंचवीस पिल्लांना साठ वॅटचा एक पुरतो, पण मी दोन लावायला सांगेन. एक उडाला तर दुसरा रात्र काढतो. जमिनीपासून दीड फुटावर, साखळीनं टांगा. नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका, बल्ब तुसात पडला तर आग लागते. पिल्लं यायच्या आधी निदान तीन-चार तास बल्ब चालू ठेवून जागा तापवून घ्या. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस हवं, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं, म्हणजे बल्ब थोडा थोडा वर घ्यायचा.

तापमापक असू द्या, पण खरं माप पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून कर्कश ओरडत असतील तर थंडी आहे. कड्याला चिकटून, पंख सैल सोडून, चोची उघड्या टाकून बसली असतील तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारं शिरतंय, ती फट शोधा. सगळं ठीक असलं की ती पसरून असतात. काही चरतात, काही एक पाय मागे ताणून आडवी झोपतात. शंका आली तर एक पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर ऊब कमी आहे. झोपायच्या आधी मानेखालची अन्नाची पिशवी चाचपा, ती मऊ भरलेली लागली पाहिजे. आणि पार्श्वभाग बघा. विष्ठा वाळून तिथे चिकटली तर वाट बंद होऊन पिल्लू दगावतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूच सोडवायची, ओढायची नाही.

आल्या आल्या आधी पाणी द्या. उकळून कोमट केलेलं, त्यात थोडा गूळ. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं भिजतात, बुडतातही. दोन-तीन तासांनी पिल्लांचं तयार खाद्य किंवा मक्याचा बारीक भरडा. नुसत्या कण्यांवर किंवा नाचणीवर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात.

वीज गेल्यावर कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. निखारा लाल दिसला तरी त्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो, पिल्लांनाही मारतो आणि घरातल्या माणसांनाही. मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये कढत पाणी भरून, घट्ट बूच लावून, गोणपाटात गुंडाळून कड्यात आडवा ठेवते. पिल्लं त्याला टेकून बसतात. दोन-तीन तासांनी पाणी बदलावं लागतं. वरून अर्ध्या कड्यावर पोतं टाका, अर्धं उघडं ठेवा. पूर्ण झाकलं तर कोंडतं.

आता तुमचं खुराडं. पंचवीस कोंबड्या दिवसा मोकळ्या चरणार असतील तर रात्रीपुरती कोंबडीमागे एक चौरस फूट जागा बास, म्हणजे साधारण सहा बाय चार फूट. तळ जमिनीपासून तीन फूट, म्हणजे खालून फावडं घालून विष्ठा ओढता येते. पट्ट्यांमध्ये पाऊण इंच फट ठेवा, विष्ठा खाली पडते आणि पाय अडकत नाही. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे पावसाच्या बाजूला आखूड भिंत येते. ती पश्चिमेची भिंत कुडाची करून शेणामातीनं लिंपा. बाकीच्या बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. षट्कोनी तारेची स्वस्त जाळी रानमांजर ओरबाडून उघडतं, आणि मुंगूस तर फटीतूनच मान ओढतो. छपराला कौलं मिळाली तर उत्तम, पत्रा उन्हात तापतो आणि पावसात रात्रभर वाजतो. पाख्या दीड-दोन फूट पुढे काढा.

खांब मातीत पुरू नका, वाळवी लागते. जांभ्याच्या चिऱ्यावर उभे करा आणि मधल्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळा, उंदीर आणि घूस तिथून घसरतात. बसायच्या दांड्या दोन इंच जाडीच्या, गोल. कोंबडीमागे आठ इंच धरले तर सहा फुटांच्या तीन दांड्या पुरतात. शिडी रात्री काढून ठेवत जा.

प्रश्न : मी निपाणीकडची. महिन्याच्या पिल्लांना रक्ती हगवण लागली आहे. पंख पाडून बसतात. काय घालू?

उत्तर : ताई, ओला बिछाना हे याचं मूळ असतं. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस हातात घेऊन मुठीत दाबा. गोळा झाला तर ते ओलं आहे. आजच सगळं बाहेर काढून नवीन कोरडं घाला आणि भांडं विटेवर उचलून ठेवा. आजारी पिल्लं वेगळी करा. औषध पाण्यातून देतात, अँप्रोलियम, पण मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. उशीर करू नका, हा रोग दोन दिवसांत खुराडं रिकामं करतो.

तिथे गेलाच आहात तर राणीखेत रोगाच्या लशीचंही विचारा. लासोटा लस पहिल्या आठवड्यात, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, आणि महिन्याच्या सुमारास पुन्हा. एका बाटलीत निदान शंभर मात्रा असतात आणि कालवल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी ठरवून आणावी. बर्फाच्या डब्यातूनच आणा.

प्रश्न : घरची गावरान कोंबडी खुडूक आहे. विकत आणलेली पिल्लं ती सांभाळेल का?

उत्तर : सांभाळेल, आणि तिच्यासारखी ऊब कोणताही बल्ब देत नाही. मात्र ती दोन-अडीच आठवडे नेटानं बसलेली हवी आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. रात्री, अंधारात, अंडी काढून घेत एकेक पिल्लू पंखाखाली सरकवा. दहा-बारांपेक्षा जास्त नको, तेवढीच तिच्या पंखाखाली मावतात. उजाडायच्या आत जाऊन बघा. पिल्लांना ती कुकलून बोलावत असेल तर काळजी नाही. चोच मारत असेल तर त्याच क्षणी पिल्लं काढून बल्बखाली घ्या, ती सुधारेल म्हणून वाट बघू नका.