आईची केमो चालू आहे, फ्लूची लस द्यायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या तीन केमो झाल्यात, पावसाळा तोंडावर आलाय, फ्लूची लस द्यावी का, आणि शेजारच्या काकू म्हणतायत लसीने कॅन्सर उसळतो. आधी काकूंचं सांगते. लसीने कॅन्सर उसळत नाही हो. मी स्वतः २०२१ मध्ये यातून गेलेय, मलाही लोकांनी असंच घाबरवलं होतं. खरी भीती फ्लूची आहे, पांढऱ्या पेशी कमी असताना साध्या फ्लूचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही, मग अ‍ॅडमिट व्हा, केमो पुढे ढकला, ते नुकसान मोठं.

पण लस कुठली ते बघायचं. दंडात देतात ती फ्लूची लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. न्यूमोनियाची, हेपॅटायटिस बीची, धनुर्वाताची पण जिवंत नसते, चालतात. जिवंत विषाणूच्या लसी मात्र केमोत अजिबात नाही: एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची), कांजिण्या, यलो फीवर, तोंडातून द्यायचा पोलिओ, आणि नाकात मारायचा फ्लूचा स्प्रे, आपल्या पुण्याच्या सीरमची नेझोव्हॅक त्यातलीच. केमिस्टकडे नुसतं "फ्लूची लस द्या" म्हणू नका, इंजेक्शनवाली म्हणा. जिवंत लसी केमो संपल्यावर कमीत कमी तीन महिन्यांनी, त्याही डॉक्टर हो म्हणाले तरच. नागिणीची शिंग्रिक्स २०२३ पासून भारतात मिळते, ती जिवंत नाहीये, तिच्याबद्दलही विचारून ठेवा, केमोत नागीण उठते आणि फार छळते.

आता कधी द्यायची. खरं तर केमो सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी दिलेली सगळ्यात बरी, पण ती वेळ गेली म्हणून सोडून देऊ नका. २१ दिवसांची सायकल असेल तर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी तळाला असतात, तेव्हा नको, पुढच्या केमोच्या थोडं आधी पेशी वर आल्या की सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) दाखवून ऑन्कॉलॉजिस्टला तारीख विचारा, प्लेटलेट्स कमी असतील तरी ते सांगतील. लसीनंतर अंग दुखतं, कणकण येते, पण ताप १००.४ च्या वर गेला तर "लसीचा असेल" म्हणून क्रोसिन देऊन घरी थांबू नका, रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा.

आणि हात! माझी गाठ डावीकडे होती, कोविशील्डच्या वेळी सेंटरवर गर्दी होती, मी सांगेपर्यंत त्यांनी डाव्याच दंडात सुई मारली. पंधरा दिवसांनी सोनोग्राफीत डाव्या काखेत ग्रंथी सुजलेली दिसली, घरात रडारड, नवरा दोन दिवस जेवला नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, लस कधी घेतली आणि कुठल्या हाताला. सहा आठवडे थांबून परत सोनोग्राफी केली, ग्रंथी बसली होती, म्हणजे सूज लसीचीच होती, कॅन्सरची नाही. ते सहा आठवडे मी कसे काढले माझं मला माहीत. म्हणून आईंना कॅन्सरच्या विरुद्ध बाजूच्या दंडातच द्यायला लावा, तारीख आणि हात दोन्ही फाइलवर लिहा, आणि पेट स्कॅन ठरला असेल तर तिथेही सांगा.

एक मात्र आहे, केमोत लस पूर्ण ताकदीने लागत नाही, शरीर तेवढ्या अँटिबॉडीज बनवू शकत नाही. म्हणून तुम्ही, बाबा, भाऊ-वहिनी, सगळ्यांनी फ्लूची लस घ्या, घरात आजार आलाच नाही तर आईंपर्यंत पोचणार कुठून.

भावाच्या अडीच महिन्यांच्या बाळाचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, पण ते महत्त्वाचं आहे. त्याचा १४ आठवड्यांचा डोस चुकवू नका. फक्त बालरोगतज्ज्ञांना सांगा की घरात केमोचा पेशंट आहे, तोंडातल्या पोलिओऐवजी इंजेक्शनचा द्या, कारण थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो. रोटाव्हायरसचे (जुलाबांच्या लसीचे) थेंब द्यायचे, पण तोही शीतून बाहेर पडतो, म्हणून महिनाभर आईंनी लंगोट-डायपरला हात लावायचा नाही, बाकीच्यांनी बदलल्यावर साबणाने हात धुवायचे. मांडीवर घेऊ दे त्यांना नातवाला, त्याला काही हरकत नाही.