सामायिक खतप्रकल्प: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या तीन कॉलन्या (१२० घरं), एक मंदिर आणि एक रोपवाटिका मिळून ओल्या कचऱ्याचं खत करतो. जागा रोपवाटिकेची. उन्हाळ्यात सगळं सुरळीत होतं. जुलैपासून ढिगाला वास येतो आणि जो तो दुसऱ्याच्या कचऱ्याकडे बोट दाखवतो. काय करावं?
(रहवासी संघाच्या सचिव, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: खोट बहुधा कोणाच्या कचऱ्यात नाही, वाळक्या पानांच्या साठ्यात आहे. ओला कचरा बारा महिने येतो, पानगळ मात्र फेब्रुवारी ते एप्रिल. १२० घरांतून रोज साधारण ७० किलो ओला कचरा धरा. दर ३ किलोला १ किलो वाळकी पानं लागतात, म्हणजे रोज २३ किलो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी जवळपास पावणेतीन टन! दाबून भरली तर मोठ्या पोत्यात ८-१० किलो मावतात, तेव्हा सुमारे ३०० पोती आणि ती ठेवायला कोरडी शेड हवी. ही जबाबदारी मार्चमध्येच एका भागीदाराच्या नावावर लिहून टाका. सगळ्यांची म्हटलं की ती कोणाचीच राहत नाही.

तूर्त सुतारकामाचा भुसा मिळवा, पण प्लायवुडचा नको, त्यात डिंकरसायनं असतात. ढीग उलथून भुसा मिसळा आणि वर पत्रा टाका. वास ओळखायला शिका: नाकात झोंबणारा अमोनियासारखा असेल तर पानं कमी पडलीत, सडक्या अंड्यासारखा असेल तर पाणी जास्त आणि हवा कमी. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर ते फार ओलं आहे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाचीच आहे. ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश तापमान हवं. त्यासाठी कप्पा निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच असावा, आणि आठवड्यातून एकदा उलथणी व्हावी. लहान ढीग तापतच नाही, मग आळ्या होतात.

निर्माल्य तपासल्याशिवाय घेऊ नका. हारांचा दोरा, तार, जरी काढूनच द्यायची, हे मंदिराला आधीच सांगा. शेंदूर लागलेली फुलं खतात नकोतच. शेंदुरात शिसं असू शकतं.

आणि दारावर एक वजनकाटा, एक वही, एकच माणूस. बादली घ्यायची की परत पाठवायची हे त्यानंच ठरवायचं. परत गेलेल्या बादलीचीही नोंद करा. पुढच्या बैठकीत आरोपांऐवजी वही उघडता येते.

प्रश्न: तयार खत वाटायचं कसं? आमची कॉलनी कचरा कमी देते, पण पानं भरपूर देते.
(एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: फक्त ओल्या कचऱ्याच्या वजनावर वाटणी केली तर पानं देणारा उगीच मार खातो, आणि पुढच्या वर्षी तो पानं जाळतो. आमच्या मते १ किलो पानांचे ३ गुण, १ किलो स्वीकारलेल्या ओल्या कचऱ्याचा १ गुण धरावा. जागा आणि मजुरीचा वाटा आधी वेगळा काढावा. रोपवाटिकेला पंचवीस टक्के देणं रास्त वाटतं. मिश्रणाच्या वजनाच्या साधारण पाव भाग खत हाती येतं, त्याहून जास्त कबूल करू नका.

प्रश्न: उरलेलं खत पिशव्या भरून विकता येईल का?
(एक रोपवाटिका चालक, इंदूर)

उत्तर: बाजारात खत म्हणून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. शहरी कंपोस्टसाठी ओलावा १५ ते २५ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण) २० पेक्षा कमी आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा हवा. प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या आणि परवान्याबाबत जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. तोवर भागीदारांनी आपसातच वापरावं. कच्चं खत कुंडीत घातलं की मुळं होरपळतात. ४५ दिवसांनंतरही ढीग उलथल्यावर पुन्हा तापत असेल तर त्याला आणखी महिनाभर मुरू द्या.