रूपांतरित खडकांवरून पर्वत कसा घडला, हे कसे समजते?

हिमालय घडताना कोणीही पाहिलेला नसताना तिथले खडक किती खोल गेले, किती तापले आणि केव्हा वर आले हे भूवैज्ञानिक कशाच्या आधारे सांगतात, आणि कोल्हापूरच्या परिसरातील दगडांतही असा इतिहास सापडतो का, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात भूशास्त्र शिकवतो, म्हणून दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. माथ्यावरचा जांभा वगळला तर पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर ज्या काळ्या दगडाचे आहेत, तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. तो थरावर थर साचून थिजला. दोन भूखंडांच्या टकरीत सापडून तो खोल गाडला गेला नाही. त्यामुळे इथे उंच डोंगर असले तरी आपल्याला हवी असलेली नोंद या दगडात नाही. ती पाहायची असेल तर आंबोली घाट उतरून सिंधुदुर्गात जावे लागते, कारण तिथे बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने शिस्ट आणि नाइस हे रूपांतरित खडक, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने मूळ रूप पालटलेले खडक, उघडे पडले आहेत.

आता मुख्य प्रश्न. समुद्रतळावरचा चिखल गाडला जाऊन तापत गेला की त्याचा आधी पाटीचा दगड होतो, मग अभ्रकाने चमकणारा शिस्ट आणि शेवटी पट्ट्यापट्ट्यांचा नाइस होतो. या प्रवासात बाहेर पडणारे पाणी सोडले तर घटकद्रव्ये जवळजवळ तीच राहतात. बदलतात ती खनिजे. भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात खनिजांच्या या बदलाचा क्रम नकाशावर मांडला. कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या तीन खनिजांचे रासायनिक सूत्र तर अगदी एकच आहे, परंतु कायनाइट जास्त दाबाखाली, सिलिमनाइट जास्त तापमानात आणि अँडालुसाइट कमी दाबाखाली स्थिर असते, त्यामुळे यांपैकी कोणते खनिज खडकात आहे एवढ्यावरूनही खोलीचा अंदाज बांधता येतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट या दोहोंचे साठे आहेत.

माझ्या मते मात्र सर्वांत बोलके खनिज गार्नेट होय. (गुजरीतल्या सराफांकडे मिळणारा गोमेद याच कुळातला.) शिस्टचा कागदाहून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर गार्नेटच्या एखाद्या स्फटिकाच्या पोटात क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या खनिजाच्या) बारीक कणांची ओळ इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली दिसते. स्फटिक वाढत असतानाच भोवतालचा खडक सरकत होता आणि दोघांची दिशा एकमेकांच्या सापेक्ष फिरत गेली, याचा तो पुरावा असतो. त्याच स्फटिकाचे रासायनिक विश्लेषण केले तर बहुधा मध्यभागी मँगनीज अधिक आणि कडेकडे ते कमी होत गेलेले आढळते, कारण सुरुवातीच्या वाढीतच खडकातले बरेचसे मँगनीज वापरले जाते. शेजारच्या काळ्या अभ्रकाशी गार्नेट लोह आणि मॅग्नेशियम कोणत्या प्रमाणात वाटून घेते हे तापमानावर अवलंबून असते, तर गार्नेटमधील कॅल्शियमचे प्रमाण फेल्डस्पार या शेजारच्या खनिजाशी ताडून दाब काढता येतो. दहा किलोबार दाब म्हणजे साधारण ३५ किलोमीटर खोली. अशा रीतीने केंद्रापासून कडेपर्यंत एकाच स्फटिकातून खडकाच्या प्रवासाचा मार्ग हाती लागतो.

वर येताना हे सारे पुसले का जात नाही, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. तापताना खनिजांतले पाणी निघून जाते आणि ते बहुतांशी परत येत नाही. पाण्यावाचून उलट दिशेची अभिक्रिया फारशी पुढे सरकत नाही, आणि थंड होत जाणाऱ्या खडकात अणूंची हालचालही मंदावते. म्हणून जमिनीवर आलेला खडक बव्हंशी आपल्या सर्वाधिक तापलेल्या अवस्थेतली खनिजे बाळगून असतो. काळ मोजायला झिरकॉन आणि मोनाझाइट या खनिजांमधले युरेनियम व त्याच्या ऱ्हासातून बनलेले शिसे उपयोगी पडते. अभ्रकातला अरगॉन वायू मात्र खडक सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या खाली निवाला केव्हा, हे सांगतो.

हिमालयात या नोंदींनी दोन विलक्षण गोष्टी दाखवल्या आहेत. सिक्कीममध्ये तिस्ता खोऱ्यातून वर चढताना आधी गार्नेट, मग कायनाइट आणि त्याहून वर सिलिमनाइट असलेले खडक लागतात, म्हणजे अधिक तापलेला खडक कमी तापलेल्या खडकाच्या वर बसलेला आहे. खोल जावे तसे तापमान वाढते, त्यामुळे हा क्रम उलटा आहे. मेन सेंट्रल थ्रस्ट या प्रचंड भ्रंशावरून (ज्या भेगेवरून खडक सरकतात तिच्यावरून) सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात खोलातली गरम खडकांची लादी दक्षिणेकडे ढकलली गेली आणि तिच्या तळाचा पट्टा त्या सरकण्यात ताणला-चुरगळला गेला, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

दुसरी गोष्ट लडाखमधल्या त्सो मोरिरी सरोवराच्या परिसरातली. तिथल्या एक्लोजाइट या जास्त दाबाखाली बनलेल्या खडकातील गार्नेटच्या आत कोएसाइटचे कण सापडले आहेत. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचेच अतिदाबाचे रूप. त्याला सुमारे ९० किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोली लागते. वर येताना त्याचे क्वार्ट्झ होऊ लागते, आकारमान वाढते आणि भोवतालच्या गार्नेटला चहूबाजूंनी तडे जातात. ते तडे कापात स्पष्ट दिसतात. याचा अर्थ सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, टकरीच्या आरंभीच, भारतीय भूखंडाची कड आशियाखाली प्रावरणापर्यंत, म्हणजे भूकवचाखालच्या थरापर्यंत, ओढली गेली होती, आणि भोवतालच्या जड खडकांपेक्षा हलकी असल्यामुळे ती काही दशलक्ष वर्षांतच पुन्हा बरीचशी वर आली.