अभ्यासाची सुरुवात जमाखर्चाच्या वहीपासून

नाट्यव्यवस्थापन शिकताना आपण नैतिक नेतृत्व हा विषय निवडलात, हे उत्तम केलेत. मात्र त्याचा अभ्यास व्याख्यानांच्या टिपणांपेक्षा एखाद्या नाट्यसंस्थेच्या जमाखर्चाच्या वहीपासून सुरू करावा, असे मी सुचवेन. प्रयोग संपल्यावर नेपथ्य टेम्पोत चढवणाऱ्या रंगमंच कामगाराच्या हातात त्याची ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचा मोबदला, त्याच रात्री पडते, की ‘पुढच्या प्रयोगाला बघू’ असे सांगून त्याची बोळवण होते, एवढे पाहिले तरी निर्मात्याची नीती कळते. (मी स्वतः दोनदा ती थकवली होती, ते अजून खटकते.)

कायदे मात्र मुळातून वाचावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटककाराच्या निधनानंतरही ६० वर्षे हक्क शाबूत राहतात. त्यामुळे तिकीट लावून प्रयोग करायचा असल्यास हक्कधारकाची, म्हणजे बहुधा लेखकाची किंवा वारसांची, लेखी परवानगी घ्यावी. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे, आणि त्याहून लहान संस्थेतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, म्हणून ही माहिती नाटकाच्या पहिल्या वाचनाच्या दिवशीच सर्वांना सांगून तालमीच्या खोलीत ठळक अक्षरांत लावावी.