म्हैस विकायची का?

"झोप लागत नाही, मॅडम. बाकी काही नाही." माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची मुलगी, फेब्रुवारीचा महिना. पहिल्या दोन भेटींत तिनं एवढंच सांगितलं. तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, काल रात्री काय जेवलीस? ती रडायला लागली. महिनाभर तिनं मेसचं रात्रीचं जेवण बंद केलं होतं.

कारण फी. 'शिष्यवृत्तीचं काही आलेलं नाही, पैसे भरा' असं ऑफिसातून सांगितलं होतं. वडिलांची पावणेदोन एकर कोरडवाहू जमीन. ते म्हैस विकायला निघाले होते, आणि ही मनात शिक्षण सोडायचं ठरवून बसली होती. "शिष्यवृत्ती हुशार मुलांना मिळते. मी काठावरची," म्हणाली.

हा समज मला दर वर्षी भेटतो. ही मुलगी एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गातली, प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश (कॅप) फेरीतून. राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश व्यवस्थापन कोट्यातला नको. बारावीत किती टक्के पडले, हा प्रश्नच त्यात नाही.

"फॉर्म भरलास?"

"भरला ना. नेट कॅफेवाल्या दादानं."

"मग उघडून पाहिलास?"

आयडी-पासवर्ड दादाकडे, मोबाईल नंबरही त्याचाच दिलेला. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीचे अर्ज जिथं भरतात, त्या राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर तिचा अर्ज जानेवारीतच परत पाठवला गेला होता, उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून. तो मेसेज दादाच्या फोनवर पडून होता. त्याला तरी काय बोलणार. त्याच्याकडे असे शेकड्यानं अर्ज. पण मी आता मुलांना पहिली गोष्ट हीच सांगते, नंबर स्वतःचा द्या. ज्याला आपण 'पैसे आले नाहीत' म्हणतो, ते बऱ्याचदा कागदावर अडलेलं असतं.

सुदैवानं मुदत संपली नव्हती. तहसीलचा नवा दाखला जोडून अर्ज पुन्हा गेला. वडील अल्पभूधारक, मुलगी वसतिगृहात, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचाही अर्ज करता येत होता. ही योजना तिला कुणी सांगितलीच नव्हती.

वडिलांना फोन केला तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "सरकारचं पैसं येईस्तोवर कॉलेज थांबल का?" खरं ते सांगितलं: शिक्षण शुल्कासाठी कॉलेजनं थांबायला हवं, पण मेस आणि इतर शुल्क या माफीत येत नाही. त्या रकमेचे हप्ते पाडून मिळावेत म्हणून प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. तोंडी विनंतीला ऑफिसात 'बघू' हे उत्तर ठरलेलं असतं. तीन हप्ते मिळाले. म्हैस गोठ्यातच राहिली.

मला मात्र जास्त वेळ दुसऱ्याच गोष्टीवर द्यावा लागला. घरचे पैसे आपल्यावर खर्च होतात याची तिला लाज वाटायची, म्हणून ती उपाशी राहून हिशेब जुळवत होती. वडिलांना हे कळल्यावर ते फोनवर काही वेळ बोललेच नाहीत. त्यानंतर रोज रात्री आठला त्यांचा फोन यायचा, "जेवलीस का?"

जूनमध्ये ती पुन्हा आली. भत्ता मंजूर दिसत होता, खात्यात मात्र छदाम नाही. आठवीत ती एनएमएमएस, म्हणजे गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली होती. त्या वर्षाला 12,000 रुपयांच्या शिष्यवृत्तीसाठी गावाकडच्या बँकेत खातं काढलेलं. सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी (डीबीटी) आधार अजून त्याच खात्याशी जोडलेलं होतं. अर्जाला शहरातल्या नव्या खात्याचं पासबुक लावलं तरी पैसे आधारामागोमाग जुन्या खात्यात जाऊन बसले होते.

"म्हणजे मॅडम, आठवीत पण मला शिष्यवृत्ती मिळालीच होती की," ती पासबुक उलटत म्हणाली.