यंत्र लवकर शिकशील, आकडा जपायला शिक

अनेक उत्तम आशीर्वाद.

जुनाट वेदना आणि मेंदूचं उद्दीपन यांवर काम करणाऱ्या गटात तुझी निवड झाल्याचं कळलं. खोलीत पाऊल टाकलंस की सगळ्यांसारखंच तुझंही लक्ष आधी यंत्राकडे जाईल. जाऊ दे, ते दोन-तीन आठवड्यांत हाताखाली येतं. समोरच्या माणसाला "किती दुखतंय?" असं विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराला आपला हात लागू द्यायचा नाही, हे त्याहून कितीतरी अवघड आहे. प्रयोगाचा निकाल शेवटी त्या एका आकड्यावर ठरतो.

आधी शब्दांबद्दल. तीन महिन्यांहून जास्त टिकणारी किंवा पुन्हापुन्हा येणारी वेदना ती जुनाट. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येत ऊतींना इजा झाल्यावर होतो तसा अनुभवही वेदनाच मानला आहे. इजा सापडलीच पाहिजे अशी अट नाही. ही व्याख्या तुला रोज उपयोगी पडेल, कारण डोक्याला पट्टा बांधताना "आपण मेंदूवर काम करतोय" असं म्हटलं की वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्याला "म्हणजे हे मनाचे खेळ" असं ऐकू येतं. त्यापेक्षा सांग, की शरीरातून संदेश कुठूनही येवो, त्यातला किती पुढे सोडायचा हे मज्जारज्जू आणि मेंदू ठरवतात आणि आपला प्रयत्न त्या ठरवण्यावर परिणाम करण्याचा आहे.

दुखण्यासाठी मेंदूतला हालचालींचा भाग, म्हणजे मोटर कॉर्टेक्स, का निवडतात असं तुला विचारलं जाईल. जपानमध्ये त्सुबोकावा आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली थॅलॅमसच्या, म्हणजे शरीराचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या खोल केंद्राच्या, इजेनंतरच्या वेदनेसाठी मोटर कॉर्टेक्सवर इलेक्ट्रोड बसवल्याचं प्रसिद्ध केलं, तिथून हा मार्ग रुळला. तिथलं उद्दीपन तिथेच थांबत नाही. ते थॅलॅमस, वेदनेशी निगडित सिंग्युलेट हा भाग आणि मेंदूच्या देठापर्यंत पोचतं. चुंबकीय उद्दीपनाने मिळालेला आराम अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन हे औषध दिल्यावर कमी होतो असं प्रयोगात दिसलं आहे, म्हणजे शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनंही यात भाग घेत असावीत.

हातात मुख्यतः दोन साधनं असतील. टीएमएस म्हणजे कवटीबाहेरून दिलेलं चुंबकीय उद्दीपन: त्याची कॉइल कवटीवर धरली की चुंबकीय स्पंद आत वीज निर्माण करतो आणि चेतापेशी प्रत्यक्ष पेटतात, म्हणजे संदेश सोडतात. टीडीसीएस म्हणजे डोक्यावरच्या स्पंजांतून दिलेला मंद एकदिश विद्युतप्रवाह: तो पेशींना पेटवत नाही, त्यांची पेटण्याची तयारी थोडी कमी-जास्त करतो. अहवालात दोन्ही एका तागडीत घालू नकोस.

टीएमएसमध्ये पहिली पायरी डोकं मोजण्याची. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लाव. ३६ सेंटिमीटर आलं तर मध्य १८ वर. मग एका कानापुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापुढच्या खळगीपर्यंत. ३५ आलं तर मध्य साडेसतरावर. दोन्ही मध्य जिथे मिळतात ते डोक्याचं शिखर. तिथून कानाकडे दुसऱ्या मापाच्या २० टक्के, म्हणजे ७ सेंटिमीटर, खाली आलं की हाताच्या मोटर भागाच्या आसपास पोचतो. ही फक्त सुरुवातीची खूण आहे. खरी जागा स्नायू सांगतो. आणि बाजू दोनदा तपास: दुखणं डाव्या हातात असेल तर कॉइल उजव्या अर्ध्यावर. समोरासमोर बसून खूण केली की तुझं डावं हे त्याचं उजवं असतं, त्यामुळे खुणा नेहमी मागे उभं राहून कर.

मग मोटर थ्रेशोल्ड. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या स्नायूवर ईएमजीचे, म्हणजे स्नायूतली वीज नोंदवणारे, इलेक्ट्रोड लाव. सैल असलेल्या स्नायूत दहापैकी किमान पाच स्पंदांना ५० मायक्रोव्होल्ट किंवा जास्त प्रतिसाद देणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे विश्रांतीतला थ्रेशोल्ड. इथली एक फसगत वेदनेच्या प्रयोगशाळेत खास जास्त होते. हात दुखणारा माणूस नकळत तो आवळून धरतो. आवळलेल्या स्नायूचा थ्रेशोल्ड कमी येतो, त्यावरून काढलेली उपचाराची तीव्रताही कमी पडते, आणि पुढचे सगळे दिवस अर्धवट मात्रा जात राहते. स्पंद देण्याआधी ईएमजीची रेघ सपाट आहे ना ते बघ. नसेल तर कोपराखाली उशी दे, थांब, मग मोज. हात कापलेला असेल तर कुठल्या स्नायूवर मोजायचं, हे प्रयोगाच्या आराखड्यात आधीच लिहिलेलं हवं. माणूस खुर्चीत बसल्यावर ते ठरवायचं नसतं.

दुसरी चूक हास्यास्पद वाटेल, पण सोपी आहे. आराखड्यात "८० टक्के" लिहिलेलं असतं आणि नवा माणूस यंत्र ८० वर नेतो. ते थ्रेशोल्डचे ८० टक्के असतात. थ्रेशोल्ड यंत्राच्या ५२ टक्क्यांवर आला तर यंत्र ४२ वर ठेवायचं. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहीत जा, चूक लगेच डोळ्यांत भरते.

नेहमीचा एक क्रम असा: १० हर्ट्झ, दहा सेकंदांची माळ, मग वीस सेकंद विश्रांती, अशा तीस माळा. पंधरा मिनिटांत ३००० स्पंद. तेवढ्या वेळात कॉइल तापते, तुझं मनगट दुखायला लागतं आणि कॉइलची एक कड उचलली जाते. क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरतं, त्यामुळे दाट केसांच्या अंबाड्यावर टेकवलेली कॉइल म्हणजे वाया गेलेलं सत्र. अंबाडा आधी सोडायला सांग. यंत्र तापून २१०० स्पंदांवर थांबलं तर २१०० लिही. "पूर्ण" लिहू नकोस.

सुरक्षेची प्रश्नावली पहिल्या दिवशी भरून घेऊन फाइलमध्ये ठेवणं पुरेसं नाही. डोक्यातल्या धातूच्या क्लिपा, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, झटक्यांचा, म्हणजे फिट येण्याचा, इतिहास हे सगळे विचारतात. वेदनेच्या रुग्णांत पाठीच्या कण्यात बसवलेला उद्दीपकही असू शकतो आणि "डोक्यात काही बसवलंय का?" या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. ट्रामाडॉल आणि अॅमिट्रिप्टिलिन या औषधांनी झटक्यांची शक्यता वाढू शकते आणि तुझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीत नेमकी हीच असतात. म्हणून दर सत्राआधी दोन प्रश्न: काल झोप किती झाली, औषधात काय बदललं? कानात बोळे त्याच्याही आणि तुझ्याही. झटक्यापेक्षा भोवळ येण्याचे प्रसंग जास्त असतात, तेव्हा खुर्ची मागे कलणारीच हवी. झटका आलाच तर कॉइल बाजूला, माणूस कुशीवर, घड्याळावर नजर, तोंडात काहीही घालायचं नाही, आणि डॉक्टरांना हाक.

टीडीसीएस दिसायला साधं, म्हणून त्यात निष्काळजीपणा जास्त. ५ बाय ७ सेंटिमीटरचे दोन स्पंज, २ मिलिअँपिअर, वीस मिनिटं. धन टोक दुखणाऱ्या बाजूच्या विरुद्ध मोटर कॉर्टेक्सवर, ऋण टोक दुसऱ्या बाजूच्या भुवईच्या वर. ३५ चौरस सेंटिमीटरवर हा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला ०.०५७ मिलिअँपिअर पडतो, पण स्पंज सगळीकडे टेकला तरच. एक कोपरा सुकला किंवा रबराची पट्टी उघडी पडून कातडीला लागली की प्रवाह उरलेल्या जागेत गोळा होतो आणि तिथे भाजतं. सलाईन स्पंजच्या दर बाजूला साधारण ६ मिलिलिटर. नळाचं पाणी नको, त्यात आयन किती आहेत याचा भरवसा नसतो. जास्त ओतलंस तर पाणी केसांतून ओघळतं आणि ओले केस हाच तुझा इलेक्ट्रोड होऊन बसतो, मग ३५ चौरस सेंटिमीटर कागदावरच राहतात. रोध १० किलोओहमच्या खाली येईपर्यंत सुरू करू नकोस. प्रवाह तीस सेकंदांत चढव आणि तसाच उतरव. मध्येच वायर निघाली तर डोळ्यांपुढे लख्ख चमकतं आणि माणूस पुढच्या वेळी धास्तावून येतो.

आता शॅम, म्हणजे तुलनेच्या गटाला दिलेला खोटा उपचार. टीडीसीएसमध्ये प्रवाह तीस सेकंद चढवून उतरवतात, म्हणजे सुरुवातीची मुंग्यांची जाणीव दोन्ही गटांना मिळते. पण २ मिलिअँपिअरला खऱ्या गटाची कातडी लालसर होते. स्पंज काढणाऱ्याला ती दिसते आणि तोच पुढे दुखण्याचा आकडा विचारणार असेल तर गुपित संपलं. स्पंज काढणारा आणि आकडा घेणारा ही दोन माणसं वेगळी ठेवा. तुम्हाला खरं मिळालं की खोटं, असं सहभागींना पहिल्या सत्रानंतरच विचारून ठेव. शेवटी विचारलंस तर ज्याला बरं वाटलं तो "खरं" म्हणणार, आणि गुपित फुटलं होतं की उपचार लागू पडला होता, हे वेगळं काढता येणार नाही.

आणि तो आकडा. शून्य ते दहा. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी जास्त. "आत्ता", "गेल्या २४ तासांत सरासरी" आणि "सर्वांत जास्त" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आराखड्यात आहे तोच, त्याच शब्दांत, दिवसाच्या त्याच वेळी विचार. "आज बरं वाटतंय ना?" हे चार शब्द आपुलकीचे आहेत आणि आकड्याचा घात करणारे आहेत. माणसं भली असतात. वीस दिवस तुझ्याकडे येऊन बसलेल्या माणसाला तुला नाराज करायचं नसतं. "आठ-नऊ" म्हणाला तर साडेआठ लिहू नकोस, तोच प्रश्न पुन्हा विचार. मागचा आकडा त्याला दिसता कामा नये.

लोक प्रयोगात येतात ते बहुधा दुखणं टोकाला गेल्यावर. पुढच्या आठवड्यात ते काही न करताही थोडं उतरतं. म्हणून सुरुवातीचा आकडा एका दिवसाचा न घेता निदान सात दिवसांच्या रोजनिशीची सरासरी घ्यावी. साधारण २ गुणांची किंवा ३० टक्क्यांची घट रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात. पण गोळ्यांची नोंद शेजारी नसेल तर घटीला अर्थ नाही. आकडा सहावरच अडला आणि वेदनाशामक गोळ्या निम्म्या झाल्या, तर ती सुधारणाच आहे. आकडा चारवर आला पण गोळ्या दुप्पट झाल्या, तर नाही. चालणं, झोप, काम, मनःस्थिती यांत दुखणं किती आड येतं याचे सात प्रश्न ब्रीफ पेन इन्व्हेंटरी या प्रश्नावलीत आहेत. घाईत तेच गाळले जातात.

मेंदूतून थेट वेदना वाचता आली तर हा सगळा खटाटोप सुटेल, असं तुला कुणीतरी सांगेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०२३ साली चार रुग्णांच्या मेंदूत कायमचे इलेक्ट्रोड ठेवून कित्येक महिने नोंदी घेतल्या आणि डोळ्यांच्या वरच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स या भागाच्या संकेतांवरून जुनाट वेदनेचा अंदाज बांधता येतो असं दाखवलं. काम मोलाचं आहे. पण संगणकाला शिकवायला जे आकडे लागले, ते त्या चौघांनी दिवसातून अनेकदा स्वतःच भरून दिलेले होते.

सहभागींना आशा किती द्यायची? चेतावेदनेसाठी, म्हणजे चेतासंस्थेच्याच इजेने होणाऱ्या वेदनेसाठी, मोटर कॉर्टेक्सवरच्या जलद टीएमएसचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१४ आणि २०२० च्या मार्गदर्शिकांत त्याला वरचा दर्जा आहे. फ्रान्समधल्या २०२१ च्या चाचणीत मोटर कॉर्टेक्सवरचा उपचार सुमारे सहा महिने शॅमपेक्षा सरस ठरला, कपाळामागच्या भागावरचा मात्र ठरला नाही. टीडीसीएसचा पुरावा याहून कच्चा आहे. संमतीपत्र वाचून दाखवताना हे असंच सांग, आणि "उपचार" या शब्दाऐवजी "चाचणी" म्हण.

शेवटच्या भेटीचीही तयारी ठेव. ज्याला आराम पडला तो विचारणार, "उद्यापासून काय?" त्या दिवशी खोलीत उत्तर शोधत बसू नकोस. चाचणीनंतर सत्रं चालू राहणार का, नसतील तर कुणाकडे पाठवायचं, हे गटप्रमुखांकडून पहिला माणूस दाखल होण्याआधी लेखी घे आणि संमतीपत्राला जोड.

कळावे.